हाज मिफ्लेहची कॉफी

शुक्रवारची नमाज सुटली आणि अबू शाहेरच्या दारात गाड्या लागायला लागल्या. एक आली, दुसरी आली, मग गल्लीच तुंबली. उतरले ते सगळे वयानं पिकलेले पुरुष. डोक्याला लाल चौकटीचे रुमाल आणि भर जूनमध्ये खांद्यावर सोनेरी काठाचे झगे. जॉर्डनमधल्या सल्त गावात एवढे झगे एका दाराशी उतरतात ते दोनच कारणांनी. एक तर मुलगी मागायला, नाही तर कुणाचा अपराध पोटात घाला म्हणून रदबदली करायला. दोन्हीला नाव एकच, जाहा.

अबू शाहेरच्या घरात बिनलग्नाची मुलगी होती आणि भांडण कुणाशीच नव्हतं. समोरच्या खिडकीतल्या उम्म राकाननं हा हिशेब पापणी लवायच्या आत केला आणि जीभ टाळूशी नाचवत लग्नघरातली ती लांब किलकारी ठोकून दिली. पलीकडच्या गच्चीवरून तिला जबाबही आला. झालं! आता गावभर साखर वाटायचीच काय ती बाकी राहिली.

"अगं मैसून, केस विंचर आधी! आणि ती फाटकी चप्पल काढ पायातली," आई, म्हणजे उम्म शाहेर, स्वयंपाकघरातून ओरडली. तिचा एक हात कॉफीच्या डब्यात होता आणि दुसरा फोनवर कुनाफा मिठाईची ऑर्डर देत होता.

मैसून झडपेच्या फटीतून खाली बघत होती. सगळ्यांत पुढे हाज मिफ्लेह, उंच, काठी न टेकणारा. सगळ्यांत मागे, मान खाली घालून, नवाकोरा कोट घातलेला वजदी. वजदीला बघितलं आणि तिनं झडप ओढून घेतली.

"आई, हे लग्नाचं नाही."

"मग काय मयताचं आहे?"

"दवातचं आहे."

उम्म शाहेरनं कपाळावर हात मारून घेतला. "त्या मेल्या कॉम्प्युटरचं? आणि त्यासाठी हाज मिफ्लेह आलाय? अगं, चांगल्या चांगल्या घरांच्या सोयरिकींना तो दोनदा बोलावल्याशिवाय जात नाही!"

दवात म्हणजे दऊत. फोनच्या पडद्यावर अरबी अक्षरं एकमेकांना नीट जोडून दाखवणारं एक सॉफ्टवेअर. कुणाच्या मालकीचं नाही, कुणीही उघडून बघावं, वापरावं, चुकलं असेल तर दुरुस्त करून पाठवावं. मैसून आणि वजदी यांनी कॉलेजच्या कँटीनमध्ये बसून ते सुरू केलं होतं. आज वर्तमानपत्रं ते वापरतात, दवाखाने वापरतात, आणि मोरोक्कोपासून मस्कतपर्यंतचे पन्नासेक लोक आपापल्या नोकऱ्या सांभाळून, एक दिनार न घेता, त्याच्यावर राबतात. त्यात वजदीइतकं ते काम कुणालाच येत नाही. दुर्दैव इतकंच, की हे वजदीला जरा जास्तच माहीत होतं.

ताऊस ही अल्जीरियातल्या, डोंगरांलगतच्या बिजायाची, औषधाचं दुकान चालवणारी बाई. औषधाच्या बाटल्यांवर चिकटवायच्या छोट्या पट्ट्या ती छापायची, तर अक्षरांवरचे ठिपके एकमेकांच्या अंगावर चढायचे आणि म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना काही वाचता यायचं नाही. बाई चिडली. चिडून प्रोग्रॅमिंग शिकली, दुरुस्ती केली आणि दवातच्या लोकांकडे पाठवून दिली. त्या दुरुस्तीखाली, सगळ्या पन्नास जणांना दिसेल असं, वजदीनं काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी आत्ता सांगत नाही. ज्यानं लिहिलं त्याच्याच तोंडून ऐका, जरा पुढे येईल. ताऊसनं एवढंच उत्तर दिलं, "धन्यवाद, येते मी." आणि ती गेली.

अशी जाणारी ती पहिली नव्हती. आधीच्या तर "येते" म्हणायलाही थांबल्या नव्हत्या. वजदीला दोनदा समज दिली होती, दोन्ही वेळा त्यानं हसण्यावारी नेली होती. दवातला आचारसंहिता होती. ती संमत झाली तेव्हा पहिला हात वजदीनंच वर केला होता, कारण आचारसंहिता ही दुसऱ्यांसाठी असते असा त्याचाही, बऱ्याच हुशार माणसांसारखा, प्रामाणिक समज होता. ती पाळली जातेय की नाही हे बघणाऱ्या तिघांच्या समितीत मैसून प्रमुख होती. तक्रार आल्यावर समितीनं ठरवलं: वजदी तीन महिने बाहेर. मुख्य कोडची किल्ली काढून घ्यायची, चर्चेत बोलायचं नाही.

समितीतला तुनिसचा मुनसिफ तेव्हा फोनवर कुरकुरला होता. "नवी आवृत्ती तोंडावर आलीय, मैसून. निम्मं काम तो एकटा ओढतो. अगं, दुभत्या गाईच्या लाथा गोड असतात."

"लाथ तुला बसत नाही, मुनसिफ, म्हणून गोड लागतेय."

मुनसिफ हसला, मग म्हणाला, "खरंय. माझंही मत धर." त्यानंतर मात्र तो एकदाही डगमगला नाही.

वजदीला निर्णय कळवला तो मैसूननं स्वतः. हाच वजदी तिच्या शेवटच्या परीक्षेच्या वेळी बंद पडलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता, तो चालू होईपर्यंत उठला नव्हता. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण आपल्याला वाईट वाटलं म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही, एवढी अक्कल तिला होती.

आणि आता तो निर्णय बदलून घ्यायला वजदीनं आख्खी जाहा आणली होती. सॉफ्टवेअरसाठी जाहा! मैसूनला हसावं की रडावं कळेना. ती बैठकीच्या दारामागे जाऊन उभी राहिली. शेजारी उम्म शाहेर, कान दाराला, हात छातीला.

आत अबू शाहेर लंगडत लंगडत प्रत्येकाच्या हातात फिंजान देत होते, बिनकानाचे ते इवलेसे कप, तळाशी घोटभर कडू कॉफी. अबू शाहेर भूगोलाचे मास्तर, आता निवृत्त. त्यांचा पाय एका ट्रकनं मोडला होता. ट्रकवाल्याच्या बाजूनं जाहा आली तेव्हा मागणं पुरतं मांडून व्हायच्या आत प्लास्टरातले अबू शाहेर म्हणाले होते, "प्या, दिलं." त्यांच्या बैठकीत कॉफी कधी गार झाली नाही, असं गाव सांगायचं, आणि मास्तरांना ते ऐकायला आवडायचं.

हाज मिफ्लेहनं फिंजान हातात घेतला, ओठाला लावला नाही, समोरच्या मेजावर ठेवला. त्याबरोबर सगळ्यांनीच आपापले फिंजान खाली ठेवले. "अबू शाहेर, मागणं घेऊन आलोय. दिलंस तर पिऊ. नाही दिलंस तर तुझ्या घरची कॉफी आहे तशी राहील."

"बोला, हाज."

"पोरांचं भांडण झालंय. माझ्या पुतण्याचं, वजदीचं, काहीतरी बोलणं तुझ्या मुलीला लागलं. लागलं असेल, जिभेला हाड नसतं. पण तिनं त्याला त्यानंच बांधलेल्या घरातून बाहेर काढलं. त्याची आई सांगते, पोरगा धड जेवत नाही. चूक पदरात घ्या आणि त्याला परत आत घ्या. एवढंच."

*तुझ्या मुलीला लागलं!* दारामागे मैसूनची कानशिलं तापली. म्हणजे वजदीनं यांना हे सांगितलं होतं. ताऊसचं नावही नाही.

तिचे डोळे वडिलांच्या तोंडावर खिळले. सवयीचा शब्द ओठांवर आलाच असणार. तो एक शब्द त्यांनी उच्चारला की संपलं. गावापुढे बापानं दिलेला शब्द मुलगी मोडणार नाही, आणि मोडला नाही तर उद्यापासून दवातची आचारसंहिता भिंतीवरच्या कॅलेंडरइतकीच कामाची. ताऊस परत यायची तर बातच नको. मैसूननं चौकट घट्ट धरली. 'याबा, नका बोलू,' ती मनात म्हणाली, 'एवढं एकदा नका बोलू.'

अबू शाहेरनी दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले. "हाज, फिंजान माझ्या मेजावर आहे, पण मागणं माझ्याकडचं नाही. जिच्याकडचं आहे तिला बोलावतो. मैसून, इकडे ये, बेटा."

झगे सळसळले. मैसून आत गेली. केस विंचरायचे राहूनच गेले होते.

"हाज काय म्हणाले, ऐकलंस?"

"ऐकलं, याबा. दाराला कान लावून ऐकलं."

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. मैसून बसली नाही, पण हाजला तिनं काकाच्या नात्यानं हाक मारली. "अम्मो मिफ्लेह, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"जाहा कुणाच्या दारी जाते?"

हाजच्या भुवया वर गेल्या. "हे काय विचारणं झालं? ज्याला दुखावलं त्याच्या दारी."

"मग तुम्ही चुकीच्या दारी आलात. वजदीनं मला काहीच केलेलं नाही. मला तो एका शब्दानं वावगं बोललेला नाही. मी फक्त निवाडा दिलाय."

हाज मिफ्लेहनं सावकाश मान वळवली. एवढ्या सावकाश, की वजदीला कोटाचं बटण लावायला आणि परत काढायला वेळ मिळाला.

"काय रे? दुखावलंस कुणाला?"

"अम्मो, बाहेर हिनंच काढलं ना..."

"कुणाला दुखावलंस, विचारतोय."

"एक बाई आहे. अल्जीरियातली."

"काय म्हणालास तिला?"

"तिच्या कामात चूक होती, ती दाखवली."

"चूक असती तरी दाखवायची रीत असते," मैसून म्हणाली. "पूर्ण सांग, वजदी. सगळ्यांसमोर लिहिलंस ना? मग सगळ्यांसमोर सांग."

वजदीनं सतरंजीकडे बघितलं. "म्हटलं... म्हटलं, डोंगरातल्या बायकांनी शेळ्या राखाव्यात. तुझ्या आईनं तेच केलं असेल, तूही तेच कर. हे काम माणसांचं आहे."

"माझी आई शेळ्या राखायची," हाज मिफ्लेह म्हणाला.

"अम्मो, मला तसं..."

"तुझी आजी ती, गाढवा! तिच्या शेळ्यांच्या दुधावर तुझा बाप वाढला, आणि बापाच्या पगारावर तू हे थेर शिकलास! आणि मला सांगतोस, मास्तरांच्या मुलीला बोलणं लागलं? मला इथवर आणून बसवलंस, एवढ्या लोकांना झगे घालायला लावलेस, ते खोट्यावर?"

"थट्टेत लिहिलं, अम्मो." वजदीचा आवाज चिरकला. "थकलो होतो. आठ वर्षं फुकट राबतोय. नोकरीवरून यायचं आणि परत तेच. जो तो येतो, हे बिघडलं, ते बिघडलं, म्हणतो. जेवलास का, असं एकानं विचारलं नाही कधी."

हे मात्र खरं होतं, आणि मैसूनला ते टोचलं. "थकलास ते मला दिसायला हवं होतं," ती म्हणाली. "तू सांगायचंस तरी. मी तुझ्या वाटणीचं काम ओढलं असतं, तुला हाकलून झोपायला पाठवलं असतं. पण तुझा थकवा तिच्या अंगावर का ओतलास? तीही दिवसभर दुकानात उभी राहूनच आली होती ना?"

वजदीआधी त्याचा एक मामाच बोलला. हा बांधकामाचा कंत्राटदार, पोट सुटलेला, प्रत्येक अडचणीवर तोडगा खिशात घेऊन फिरणारा. "अरे, मग एवढं काय त्यात? लावा त्या बाईला फोन! चित्र दिसतं ना हल्ली? आपण सगळे समोर बसू, फिंजान फोनसमोर ठेवू, माफी मागू. ती हो म्हणेल, कॉफी पिऊ, घरी जाऊ!"

कल्पना सगळ्यांना पटली. माना डोलल्या. हाज मिफ्लेहसुद्धा मैसूनकडे बघायला लागला. "लाव, बेटा."

"नाही लावणार."

"का?"

"अम्मो, ती दुकानात असेल. फोन उचलेल आणि समोर बघेल तर पंधरा झगेवाले बुजुर्ग. ती 'नाही' कशी म्हणणार? आणि जिथे 'नाही' म्हणता येत नाही तिथल्या 'हो'ला काय किंमत?"

"मग निदान तक्रार कुणी केली ते तरी सांग," मामा म्हणाला. "त्याच्याशी बोलू."

"तेही नाही सांगणार. आज नाव सांगितलं तर उद्या कुणी तोंड उघडणार नाही." मैसूनचा आवाज चढला नव्हता, पण आता तो थांबणारही नव्हता. "अम्मो, वजदीच्या मागे तुम्ही आहात. एक हाक मारली, गल्ली भरली. ताऊसच्या मागे इथे कोण आहे? ज्याला पंधरा काका-मामा त्याला नियम माफ, आणि जिला कुणी नाही तिनं घरी जायचं, असंच चालवायचं असेल तर नियम केला कशाला? नियम तिच्यासारखीसाठीच केलाय. तेच तिचे काका, तेच तिचे मामा. तीन महिने म्हणजे तीन महिने. मग दार उघडेल, आणि मी स्वतः उघडीन. तोवर त्यानं तिची माफी मागायची म्हटली तर लिहून समितीकडे द्यावी. वाचायची की नाही, ते ती ठरवेल."

सगळ्यांच्या नजरा मेजाकडे गेल्या. कॉफीवर पातळ तवंग आला होता, वाफ केव्हाच गेली होती. मैसून वडिलांकडे वळली. "याबा, मला माफ करा. मी हे नाही देऊ शकत."

"माफी कशाची मागतेस?" अबू शाहेर म्हणाले. "ट्रकनं माझा पाय मोडला होता, तो माफ करायचा हक्क माझा होता. दुसऱ्याचा पाय माफ करायला मी कोण?" ते हाजकडे वळले. एकेक शब्द त्यांना जड जात होता, पण त्यांनी तो उचलला. "हाज, कॉफी गार झाली तर होऊ दे."

दारामागे उम्म शाहेरनं तोंडाला ओढणी लावली. मास्तरांच्या बैठकीतून जाहा न पिता उठणार, आणि संध्याकाळच्या आत ते प्रत्येक जिन्यावर चघळलं जाणार.

हाज मिफ्लेह उठून उभा राहिला. त्याच्याबरोबर सगळे उठायला लागले, तसा तो खेकसला, "बसा रे! मी निघालो नाही. मागणं उभं राहून मांडायचं असतं, मघाशी बसून मांडलं, तिथेच चुकलं." त्यानं झगा खांद्यावर सारखा केला. "आम्ही या घरी मागणं घेऊन आलोय. आमच्या पोराला जी शिक्षा दिलीय, ती आमच्या भिडेखातर, कुणाच्या वयाखातर, कुणाच्या झग्याखातर एक दिवसही कमी करू नये. हे दिलंत तर पिऊ."

अबू शाहेरच्या डोळ्यांत पाणी आलं. "दिलं, हाज. प्या."

"तुला कोण विचारतंय, मास्तर? मागणं तुझ्याकडचं नाही म्हणालास ना? तिला विचारतोय."

आता सगळी बैठक मैसूनकडे बघत होती. हा शब्द सल्तमध्ये तिच्या वयाच्या मुलीनं कधी उच्चारला असेल, असं निदान त्या खोलीतल्या कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"दिलं, अम्मो," मैसून म्हणाली. "प्या तुमची कॉफी."

हाज मिफ्लेहनं ती गारढोण, तवंग आलेली कॉफी एका घोटात संपवली आणि तोंड वाकडं केलं नाही. मागोमाग सगळ्यांनी फिंजान उचलले. दारामागे उम्म शाहेरला राहवलं नाही, मघापासून घशात अडकलेली किलकारी तिनं मोकळी सोडली, आणि समोरच्या खिडकीतून उम्म राकाननं तिला जबाब दिला. काय ठरलं हे त्या बिचारीला अजूनही माहीत नव्हतं.

वजदीनं आपल्या फिंजानाकडे हात नेला. हाजनं त्यावर आपला पंजा झाकला.

"तुझी इथे नाही. तुझी बिजायाला आहे."

वजदीनं हात मागे घेतला. मग कुनाफा आला, बोटं तुपाळ झाली, मामानं दोनदा वाढून घेतलं. वजदी मात्र न खाता, भरलेल्या फिंजानासमोर बसून राहिला.

निघताना सगळे जिना उतरले तरी तो उंबऱ्यात घुटमळला. मैसून फिंजान गोळा करत होती.

"तिची ती दुरुस्ती," तो हळू म्हणाला, "मी नंतर नीट वाचली. बरोबर होती. मीच घाईत चुकीचं वाचलं होतं."

मैसूननं तबक खाली ठेवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला तो जुना, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला वजदी दिसला, आणि तिला बरं वाटलं.

"हे मला नको सांगूस, वजदी," ती म्हणाली.